गोटी का पडली? एका रॉकेटच्या फसण्यावरून शाळेत घेतलेलं चॅलेंज (प्रकरण अभ्यास)

७ ऑगस्ट २०२२, रविवार, सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून एसएसएलव्ही-डी१ उडालं. इस्रोचं नवं छोटं रॉकेट, ३४ मीटर उंच, वजन साधारण १२० टन, आणि त्याचं हे पहिलंच उड्डाण. आत दोन उपग्रह होते. एक इस्रोचा स्वतःचा ईओएस-०२ आणि दुसरा जेमतेम आठ किलोचा आझादीसॅट. ज्याच्याबद्दल लिहायचंय तो हा दुसरा, कारण त्यात ७५ छोटे छोटे पेलोड (उपग्रहात बसवलेले प्रयोग) होते, एकेक साधारण ५० ग्रॅमचा, आणि ते देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींच्या हातून गेलेले होते. चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडियानं हा सगळा घाट घातला होता. बातम्यांमध्ये 'मुलींनी उपग्रह बनवला' असं आलं, ते जरा फुगवून सांगणं होतं. ढाचा, जुळणी, ग्राउंड स्टेशन हे त्या संस्थेचं आणि मुलींच्या वाट्याला एकेक छोटा प्रयोग. पण सरकारी शाळेतल्या पोरीनं हात लावलेली वस्तू रॉकेटच्या टोकात जाऊन बसली, ही काही लहान गोष्ट नाही.

रॉकेटचे तिन्ही घन इंधनाचे टप्पे व्यवस्थित जळाले आणि तरीही दोन्ही उपग्रह वाया गेले. जायचं होतं ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेत, गेले ३५६ बाय ७६ च्या लंबगोल कक्षेत. ७६ किलोमीटरवर हवा विरळ असली तरी असतेच, एवढ्या वेगानं तिथून जाणारी वस्तू टिकत नाही, खाली येते. इस्रोनं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं की उपग्रह आता वापरता येणार नाहीत, आणि कारणही सांगितलं: सेन्सर बिघडला आहे का हे ओळखून सावरण्याचं जे लॉजिक होतं, तेच चुकलं.

नंतर जे सविस्तर बाहेर आलं ते असं. दुसरा टप्पा सुटताना धक्का बसला आणि ज्या डेकवर उपकरणं बसवलेली होती तो थोडा वेळ थरथरला. त्या थरथरीत अॅक्सिलरोमीटर (वेग किती झपाट्यानं बदलतोय ते मोजणारे सेन्सर) सॅच्युरेट झाले, म्हणजे त्यांना जेवढं मोजता येतं त्याच्या वर आकडा गेला आणि ते काट्याच्या शेवटाला जाऊन चिकटले. क्षणभरच. मग परत नीट आकडे द्यायला लागले. पण तोपर्यंत बिघाड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं निकाल देऊन टाकला होता की हे सेन्सर खराब आहेत, यांचं ऐकायचं नाही. रॉकेट 'सॅल्व्हेज मोड'मध्ये गेलं, म्हणजे आता जे जमेल ते वाचवा आणि आधीच ठरवून ठेवलेल्या पद्धतीनं पुढे जा. त्यात हवा तेवढा वेग मिळाला नाही.

मला हे वाचून पहिल्यांदा जाणवलं ते हे, की यात कुठलाच पार्ट खराब नव्हता. मोटर चांगली, सेन्सर चांगले, वायरिंग चांगलं. फक्त 'कोणावर कधी अविश्वास दाखवायचा' हे ठरवणारं इफ-एल्स, म्हणजे 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते' सांगणारा कोड, घाईत होतं. आणि हे इफ-एल्स नववीतल्या पोरांना अर्डुइनोवर (शाळेत वापरतात त्या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डवर) लिहिता येतं! हाच मुद्दा धरून आम्ही जे चॅलेंज घेतलं त्याचं हे प्रकरण.

शाळा कुठली, पोरं कोण

सातारा जिल्ह्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा, नाव नको. तिथं अटल टिंकरिंग लॅब आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यातले १० लाख लॅब उभी करायला आणि उरलेले पुढची काही वर्षं ती चालवायला. देशात अशा १० हजार लॅब झाल्यात, आणि २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजार जाहीर झाल्या. थ्रीडी प्रिंटर येतो, सेन्सरचे डबे येतात, कपाट येतं. मग त्या कपाटाला कुलूप लागतं. कारण एखादा सेन्सर जळला तर डेडस्टॉकला, म्हणजे साहित्याच्या नोंदवहीला, काय लिहायचं हा प्रश्न हेडसरांना पडतो आणि तो प्रश्न खोटा नाही, ऑडिटला त्यांनाच उभं राहावं लागतं. या शाळेत विज्ञानाच्या मॅडम खमक्या होत्या, त्यांनी 'शिकताना खराब झालेलं साहित्य' असा वेगळा कागदच करून हेडसरांची सही घेऊन ठेवली होती. हे इतकं बारीक का सांगतोय तर या एका कागदाशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

मी तिथे शनिवारी जातो, नोकरी सांभाळून. पोरं नववीची, पाच गट, प्रत्येकात चार-पाच जण. कोडिंग आधी केलेलं होतं म्हणजे एलईडी लुकलुकवणं, अल्ट्रासोनिकवर चालणारा 'स्मार्ट डस्टबिन', ओलावा कमी झाला की पंप चालू, हे नेहमीचं सगळं. विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी तेच मांडलं जातं, परीक्षक येतात, झाकण उघडतं, टाळ्या, पुढचा टेबल. दोन मिनिटांत झाकण उघडलं की नंबर, नाही उघडलं की 'सर मगाशी चालत होतं'. माझी तक्रार डस्टबिनशी नाहीये. तक्रार ही की त्या झाकणाखालच्या सेन्सरवर माशी बसली तर काय होईल हे कोणी विचारत नाही, आणि त्यामुळे पोरांना असं वाटतं की सेन्सर जे सांगतो ते खरंच असतं.

चॅलेंज काय होतं

एक प्लायवूडची फळी. तिच्यावर अर्डुइनो उनो, एक छोटी एसजी-९० सर्वो (सांगू तेवढ्या कोनात वळणारी मोटर) आणि दोन एमपीयू-६०५० सेन्सर (यातही अॅक्सिलरोमीटरच असतो), बाजारात दीडदोनशेला मिळतो तो निळा मोड्यूल. सर्वोच्या दांड्यावर आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण, सपाट बाजू वर, त्यावर जुन्या मऊ कापडाचा तुकडा चिकटवलेला (नाहीतर सर्वोच्या नुसत्या थरथरीनं गोटी पळते), आणि मधोमध काचेची गोटी. फळी कलली की सेन्सर कल मोजणार, सर्वो उलट्या बाजूला तेवढीच वळणार आणि झाकण सपाट राहणार. गोटी पडता कामा नये.

एवढं तर सगळ्यांनी लवकर जमवलं. खरं चॅलेंज यापुढे होतं. तीन चाचण्या सांगितल्या. पहिली, फळी पुस्तकांवर टेकवून साधारण १० अंश कललेली ठेवायची आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फळीवर टकटक करायचं, गोटी पडायला नको. दुसरी, चालू असताना एका सेन्सरची वायर उपटायची, तरी गोटी पडायला नको. तिसरी, दोन्ही एकदम. आणि एक अट: कोडमध्ये 'सेन्सर खराब' ठरवायचा नियम असलाच पाहिजे, आणि सगळे सेन्सर खराब ठरले तर सर्वोनं सरळ मधल्या जागी, ९० अंशांवर जायचं. हा आमचा सॅल्व्हेज मोड.

रॉकेटची गोष्ट सुरुवातीला फक्त अर्धी सांगितली. आझादीसॅट, ७५० मुली, चुकलेली कक्षा, 'सेन्सरवरून काहीतरी गडबड झाली', बस्स. इस्रोनं पुढे काय दुरुस्ती केली ते मुद्दाम झाकून ठेवलं. एका मुलीनं लगेच विचारलं की सर त्या मुली तिथे बघायला गेल्या होत्या का, मी म्हटलं हो, बऱ्याच जणी श्रीहरिकोट्यालाच होत्या. ती म्हणाली, "आईगं." त्यापुढे वर्गात कोणाला इंटरेस्ट आणायची गरज पडली नाही.

पहिला आठवडाभर गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी

टकटक केली की गोटी पडायची हे दिसत होतं, पण सिरीयल मॉनिटरवर (अर्डुइनो जे पाठवतं ते लॅपटॉपवर दिसतं तिथे) आकडे बघावेत तर सगळे शहाण्यासारखे. धक्का कुठे दिसतच नाही. दोन गटांनी तर ठरवूनच टाकलं की सेन्सरला काही झालेलं नाही, सर्वो खराब आहे. सर्वो बदलली. नवीन सर्वोवरही तेच.

भानगड अशी होती की मॉनिटर ९६०० बॉडवर होता. म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. एक ओळ २० अक्षरांची धरली तर ती पाठवायला २० मिलिसेकंद गेले, आणि बफर भरला की अर्डुइनो ओळ जाईपर्यंत थांबून राहतं. धक्क्याचा टोकाचा भाग त्यापेक्षा कमी वेळात येऊन जातो. म्हणजे बघण्यातच इतका वेळ जात होता की बघायची गोष्ट निघून जात होती. आता हे मी सांगून टाकू शकलो असतो, मॅडमनी डोळ्यांनीच नको म्हटलं. एका गटातल्या मुलानं शेवटी प्रिंटची ओळ कॉमेंट करून बंद केली तर लूप किती वेळा फिरतो ते मोजलं आणि आकडा बघून तो उठून उभाच राहिला. मग त्यांनी आधी अॅरेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या यादीत, आकडे साठवायचे आणि धक्का संपल्यावर सावकाश छापायचे असं केलं, बॉड १,१५,२०० केला. उनोची मेमरी मुळात २ केबी, त्यामुळे एकाच अक्षाची ३०० रीडिंग ठेवली, ६०० बाईट. आणि तिथे दिसलं: १६३०० च्या आसपास चाललेला आकडा मध्येच ३२७६७, ३२७६७, मग एकदम उणे, मग परत ३२७६७, आणि पुढे हळूहळू जागेवर.

३२७६७ हा काही कुठला गुरुत्वाकर्षणाचा आकडा नव्हे. अधिक-उणे चिन्हासह १६ बिटांत बसणारी सगळ्यात मोठी संख्या आहे ती. हा सेन्सर सुरू होतो तेव्हा उणे २ ते अधिक २ जी एवढंच मोजतो, १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण) म्हणजे १६३८४, त्यामुळे २ जीच्या वर काहीही झालं तरी तो ३२७६७ च सांगत बसणार. पोरांनी फळ्यावर ते आकडे मोठ्ठे लिहून ठेवले आणि पुढे बरेच दिवस वर्गात कोणी थापा मारल्या की बाकीचे ओरडायचे, "बत्तीस हजार सातशे सदुसष्ट!"

मेलेला सेन्सर काय बोलतो

दुसऱ्या चाचणीत, वायर उपटल्यावर, सगळ्यांची अपेक्षा होती की एरर येईल. काही येत नाही. अर्डुइनो सेन्सरला बाईट मागतं, कोणी उत्तर देत नाही, आणि रिकाम्या हातानं वाचलेल्या बाईटची किंमत येते उणे १. दोन बाईट जोडले तरी उणे १. तिन्ही अक्षांवर उणे १, उणे १, उणे १. उणे १ म्हणजे १६३८४ च्या मानानं शून्यच. कल काढायचं सूत्र हे निमूट गिळतं आणि काहीतरी कोन काढून देतं. कधीकधी वायर नेमक्या वाईट क्षणी निघाली की अख्खा प्रोग्रामच लटकायचा, ते तरी बरं, निदान कळायचं तरी.

इथे एका गटानं फार छान गोष्ट काढली. फळी कशीही धरली, पण हलत नसेल, तर तिन्ही अक्षांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढलं की ते १६३८४ च्या जवळपासच यायला हवं, कारण पृथ्वी तर कुठे जात नाही. उणे १ वाल्या सेन्सरचं येतं दोनपेक्षा कमी. म्हणजे हा सेन्सर सांगतोय की आपण मुक्तपणे खाली पडतोय, आणि आपण तर बाकावर आहोत. मग हा खराब. हा नियम सगळ्यांनी उचलला, आणि खरं सांगायचं तर कॉपी करू दिली मी, कारण कॉपी करताना प्रत्येक गटाला त्यांनीच समजावून सांगायचं अशी अट होती.

पण हाच नियम पहिल्या चाचणीत सगळ्यांना आडवा आला. टकटक केली की बेरीज बिघडते. बिघडली की सेन्सर खराब. दोन्ही खराब. सॅल्व्हेज मोड. सर्वो ९० वर. फळी १० अंश कललेली, त्यामुळे झाकणही १० अंश कललं आणि गोटी गेली. सेन्सर एव्हाना ठणठणीत, नीट आकडे देतोय, पण कोड त्याच्याकडे बघायलाच तयार नाही, कारण एकदा 'खराब' असा शिक्का मारला की तो पुसायचं कोणी लिहिलंच नव्हतं. रॉकेटचं जे झालं तेच त्या बाकावर झालं, आणि ते आम्ही घडवून आणलेलं नव्हतं, पोरांनी स्वतःच्या डोक्यानं, चांगल्या हेतूनं लिहिलेल्या कोडमधून आपोआप झालं. माझ्या मते अख्ख्या चॅलेंजचा सगळ्यात मोलाचा भाग हाच होता.

पाच गट, पाच वाटा

एका गटानं बहुमत काढलं. तीन सेन्सर लावू, दोघं जे म्हणतील ते खरं. कल्पना पुस्तकी आणि चांगली. पण एमपीयू-६०५० ला एका आयटूसी जोडणीवर (सगळे सेन्सर अर्डुइनोशी बोलतात त्या सामायिक तारांवर) दोनच पत्ते मिळतात, एक पिन खाली ठेवली तर एक आणि वर बांधली तर दुसरा, तिसऱ्याला पत्ताच नाही. मग त्यांनी कपाटातून वेगळ्या जातीचा एडीएक्सएल-३४५ काढला. त्याचा १ जी म्हणजे २५६. बहुमत घेताना १६३८४, १६३७० आणि २५६ अशी तुलना झाली आणि बिचारा तिसरा सेन्सर कायमचा अल्पमतात गेला. ते सावरलं, सगळं जी मध्ये आणलं, आणि मोठ्या ऐटीत चाचणीला आले. टकटक. तिघंही एकदम सॅच्युरेट. बहुमत कशाचं घेणार? तिघं एकाच फळीवर स्क्रूनं आवळलेले, एकच धक्का तिघांना. गटाचं तोंड इतकं उतरलं, कारण मेहनत त्यांनी सगळ्यात जास्त केली होती. पण वायर उपटण्याच्या चाचणीत ते सगळ्यात सरस ठरले हेही तितकंच खरं. जास्त सेन्सर लावल्यानं एकेकट्याचा बिघाड पचतो, सगळ्यांवर एकदम येणाऱ्या संकटात त्याचा उपयोग नसतो.

दुसऱ्या गटानं सेन्सरची रेंजच वाढवली, अधिक-उणे १६ जी. सेन्सरच्या आतल्या एका रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या खणात) एक आकडा लिहायचा, झालं. टकटक केली तरी ३२७६७ दिसेना. पण आता सेन्सर सुरू झाल्या झाल्याच खराब ठरायला लागला! कल तर बरोबर येत होता. आता १ जी म्हणजे २०४८, आणि तपासणीचा नियम अजून १६३८४ शोधत होता. कल काढताना दोन अक्षांचं गुणोत्तर घेतात त्यामुळे माप बदललं तरी कोन तोच येतो, पण बेरजेच्या नियमाला माप माहीत असावं लागतं. एका जागी बदल केला आणि तो दुसऱ्या जागी जाऊन बाधला, हे त्यांना शोधायला दोन तास लागले आणि ते दोन तास मी मागच्या बाकावर गप्प बसून काढले, अवघड असतं ते. नीट झाल्यावर साध्या टकटकीला हा गट पुरून उरला. मग मॅडमनी मूठ जरा जोरात आपटली.

तिसऱ्या गटानं कोडला हातच लावला नाही. त्यांचं म्हणणं, धक्का सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तर? शिपाईमामांनी त्यांना जुन्या गादीतला स्पंज आणून दिला. धक्का छान गिळला गेला, पण स्पंजवर सेन्सर डुगडुगायला लागला, फळी एक कोन दाखवते आणि सेन्सर दुसराच. मामा म्हणाले, "अरे एवढा जाड कशाला, पातळ घ्या." सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तो बसला. (मामांना आम्ही नंतर परीक्षक म्हणून बसवलं.)

उरलेल्या दोन गटांनी थांबायचं ठरवलं. आकडा विचित्र आला की लगेच निकाल द्यायचा नाही, तोवर शेवटचा चांगला कल धरून ठेवायचा, आणि इतका वेळ सतत विचित्रच येत राहिला तरच खराब म्हणायचं. आणि पुन्हा नीट यायला लागला तर शिक्का काढून टाकायचा. आता 'इतका वेळ' म्हणजे किती? एक गट म्हणाला दोन सेकंद, सेफ राहील. दुसरा म्हणाला पाच मिलिसेकंद. दोघंही भांडत माझ्याकडे आले आणि मी त्यांना नववीच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडायला लावलं, गतीचे नियम.

कारण हा आकडा गोटीच सांगते. झाकण १० अंश कललं तर गोटी काठापर्यंत जायला किती वेळ लागतो? घरंगळणाऱ्या भरीव गोल वस्तूसाठी त्वरण घ्यायचं ५/७ गुणिले जी गुणिले साइन थीटा. ते ५/७ मी दिलं, बाकी त्यांनी केलं. ९.८ चे ५/७ म्हणजे बरोब्बर ७. साइन १० म्हणजे ०.१७. त्वरण आलं १.२. मध्यापासून काठ ५ सेंटिमीटर. अंतर बरोबर अर्धं गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, त्यावरून वेळ ०.२९ सेकंद. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये मोजलं तर थोडा जास्त आला, कापडामुळे. म्हणजे दोन सेकंद थांबणाऱ्याची गोटी एव्हाना जमिनीवर. आणि पाच मिलिसेकंदवाल्याचं काय, तर प्लायवूड टकटकीनंतर वीस-तीस मिलिसेकंद तरी अधूनमधून थरथरत राहतं हे अॅरेमध्ये दिसलंच होतं, म्हणजे तो घाईत. मधली जागा सापडली, १०० मिलिसेकंदांच्या आसपास. सर्वोला परत वळायलाही वेळ लागतो म्हणून त्याहून वर कोणी गेलं नाही.

हे बघताना मॅडम म्हणाल्या की हे समीकरण मी दर वर्षी शिकवते, पोरं पाठ करतात, पण याच्यावरून कोणी भांडलेलं पहिल्यांदा बघतेय.

इस्रोनं काय केलं

हे शेवटी सांगितलं, सगळ्यांचं झाल्यावर. पुढचं उड्डाण, एसएसएलव्ही-डी२, १० फेब्रुवारी २०२३ ला झालं. दुसरा टप्पा सुटायची यंत्रणा बदलून कमी धक्का देणारी घेतली. सेन्सरला खराब ठरवण्याआधी पुरेसा वेळ बघायचं असं लॉजिक केलं. आणि नाविक या आपल्या उपग्रहांवरून मिळणारी स्थिती-वेगाची माहितीही मार्गदर्शनाच्या हिशोबात आत घेतली, म्हणजे अॅक्सिलरोमीटरवर भरवसा राहिला नाही तरी दुसरं कोणीतरी विचारायला आहे. या वेळी ईओएस-०७, जॅनस-१ आणि आझादीसॅट-२ असे तिघं ४५० किलोमीटरच्या कक्षेत नीट पोचले. आझादीसॅट-२ होता ८.७ किलोचा.

ट्यूबवाला गट ओरडला, "सर, आमचंच केलं की!" थांबणारे म्हणाले आमचं. दोघंही बरोबर. मेकॅनिकल की कोडिंग हा वाद आपल्याकडे उगाच असतो, रोबोटिक्सच्या क्लासला कोड आणि हस्तकलेच्या तासाला स्पंज. तिकडे एकाच बिघाडावर दोन्हीकडून उपाय झाला. आमच्याकडे शेवटच्या शनिवारी ट्यूब, १६ जी, १०० मिलिसेकंद आणि दोन जातींचे सेन्सर असं सगळं एकाच फळीवर बसवलं, आणि तिसरी चाचणी, म्हणजे वायर उपटून वर टकटक, त्या एकाच फळीनं पार केली. एकेकट्या गटाची एकही फळी ती पूर्ण पार करू शकली नव्हती.

मार्क कसे दिले आणि काय खटकलं

निम्मे मार्क गोटीला, निम्मे एका पानाला. पानावर तीनच गोष्टी: आम्हाला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि ते कुठल्या आकड्यांवरून कळलं. पहिल्या वेळी सगळ्यांनी 'सेन्सर खराब होता' एवढंच लिहून आणलं, ती पानं परत केली. आकडा नाही तर मार्क नाही. बहुमतवाल्या गटाला पानाचे पूर्ण मार्क मिळाले आणि त्यांचा नंबर वर गेला, त्यावरून थोडी कुरबुर झाली की त्यांची गोटी तर पडली. झाली तर होऊ दे.

कीबोर्डवर कोण बसतं हा प्रश्न शेवटपर्यंत पूर्ण सुटला नाही. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो बसतो, बाकीचे मागून 'सेमीकोलन, सेमीकोलन' ओरडतात, आणि मुलींकडे आपोआप पान लिहायचं काम जातं कारण 'अक्षर चांगलंय'. आम्ही वीस मिनिटांनी जागा बदलायचा नियम केला, तो मॅडम असताना पाळला जायचा. ज्या चॅलेंजची सुरुवातच ७५० मुलींच्या उपग्रहावरून झाली त्यात हे व्हावं हे मला फार लागलं. पुढच्या वेळी पानाचं काम लॅपटॉपवाल्याकडे, असं आत्ताच ठरवून टाकलंय, कुरकुर झाली तरी.

ज्यांना आपल्या शाळेत करायचंय त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. सर्वोला पॉवर अर्डुइनोच्या पाच व्होल्टवरून देऊ नका, सर्वो जोरात वळली की व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो आणि पोरं तो बिघाड सेन्सरमध्ये शोधत बसतात. वेगळा सप्लाय द्या आणि ग्राउंड एकत्र जोडा. दुसरं, वायर उपटायच्या चाचणीसाठी सोल्डर केलेले मोड्यूल नकोत, जंपर वायरच ठेवा.

आता राहिलंय ते नाविकचं. एका मुलाचं म्हणणं की आपल्या फळीवर सगळे अॅक्सिलरोमीटरच आहेत, जात वेगळी असली तरी मोजतात तेच, तर नाविकसारखा वेगळ्या मार्गानं सांगणारा कोणी हवा. त्यानं पोटेन्शिओमीटरच्या (दांडा फिरवला की ज्याचा आकडा बदलतो, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा भाग) दांड्याला नट बांधून लंबक केलाय, फळी कलली की लंबक सरळ राहतो आणि पोटेन्शिओमीटरचा आकडा बदलतो. टकटकीला तो दाद देत नाही, पण पोटेन्शिओमीटर इतका घट्ट फिरतो की दोन-चार अंशांच्या कलाला लंबक हलतच नाही. नट बदलून मोठा लावलाय, दांडा लांब केलाय, आता तो फळीच्या खाली बाहेर येतो म्हणून बाकाला भोक पाडायची परवानगी मागतोय. हेडसरांकडे अर्ज गेलेला आहे.